चाकणचे टपाल आणि भोरगिरीचे टपाल

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता भोसरी मागे टाकतो, मोशीजवळ इंद्रायणी ओलांडतो आणि थोड्याच वेळात चाकणला येऊन पोहोचतो. या गावाची जुनी ओळख दोन गोष्टींमुळे होती. एक म्हणजे येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने झुंजविला. दुसरी ओळख कांद्याच्या बाजाराची. आज मात्र चाकण म्हटले, की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारांत लांबच लांब छपरांचे कारखाने आणि मालाची कोठारे दिसतात. त्यांच्या दक्षिणेस पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी पसरली आहे.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, भोरगिरी नावाचे लहानसे गाव आहे. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा त्याच्या जवळून वाहते. तेथे कारखाना नाही, कोठार नाही. पावसाळ्यात तर दोन घरांमधील वाटही चिखलाने अवघड होते.

साधे पत्र चाकणला पाठवा वा भोरगिरीला पाठवा, तिकीट तेवढेच लावावे लागते. भोरगिरीच्या पत्राला डोंगर चढावा लागतो म्हणून टपालखाते चार पैसे अधिक मागत नाही. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. वास्तविक ती मोठी नवलाची गोष्ट आहे, आणि आजच्या चढाओढीच्या काळात ती टिकवून धरणे हे टपालखात्यापुढील सर्वांत अवघड काम आहे.

पत्र पाठविणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात तिचे चार भाग असतात. पेट्यांतून आणि कचेऱ्यांतून टपाल गोळा करावे लागते. गावांनुसार त्याची वर्गवारी करावी लागते. मग रेल्वेने, मोटारीने वा विमानाने त्याची रवानगी होते. आणि सरतेशेवटी दारोदार बटवडा होतो. यांपैकी सर्वांत खर्चाचा भाग कोणता? लांबचा प्रवास, असेच बहुतेक जण सांगतील. जुन्या काळचे टपालअधिकारीही तसेच मानीत आणि अंतर वाढेल तसे हशील वाढवीत. इंग्लंडमधील रोलंड हिल या गृहस्थाने १८३७ साली हिशेब मांडून हा समज खोडून काढला. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र नेण्याचा निव्वळ वाहतूकखर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच भरतो, असे त्याने दाखविले. एका गाडीत हजारो पत्रे मावतात आणि गाडीचा खर्च त्या सर्वांवर वाटला जातो. खरा खर्च होतो तो पत्र घेणे, नोंदणे, वेगळे काढणे, पत्ता शोधणे आणि दारी पोहोचविणे या कामांवर. पत्र शेजारच्या गावी जावो वा दूरच्या प्रांतात जावो, ही कामे चुकत नाहीत. तेव्हा अंतर न पाहता सर्वांना एकच दर लावावा, असे हिलने सुचविले व १८४० मध्ये ब्रिटनने ते स्वीकारले.

हिंदुस्थानात ही पद्धत १ ऑक्टोबर १८५४ रोजी आली. त्या दिवसापासून हलक्या पत्राला देशभर कोठेही अर्धा आणा पडू लागला. त्या काळी बऱ्याच मार्गांवर टपाल हरकारे वाहून नेत. एक हरकारा आपला टप्पा धावून जाई आणि पिशवी पुढच्याच्या स्वाधीन करी. त्याच्या काठीला घुंगरे बांधलेली असत. रानातून जाताना श्वापदे दूर पळावीत आणि पुढच्या माणसाने तयार राहावे, असा दुहेरी उपयोग त्या आवाजाचा होई. पुढे १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, १८८० मध्ये मनीऑर्डर आली आणि १८८२ मध्ये टपालकचेरीतच बचत बँक उघडली गेली.

एकच दर ठेवण्यात एक मेख आहे. तीही समजून घेतली पाहिजे. समजा, एका पोस्टमनच्या दिवसभराच्या कामावर हजार रुपये खर्च होतात. चिंचवडला त्याने एका फेरीत शंभर पत्रे वाटली, तर प्रत्येक पत्रामागे दहा रुपये खर्च आला. डोंगरातील वाड्यावस्त्यांवर दिवसभर पायपीट करून त्याच्या हातून दहाच पत्रे वाटली गेली, तर प्रत्येक पत्राला शंभर रुपये पडले. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. परंतु खर्चाचा कल असाच असतो. तिकीट मात्र दोन्हीकडे सारखे. म्हणजे चिंचवडच्या शंभर पत्रांतून जे चार पैसे सुटतात, त्यांच्या आधारावर डोंगरातील बटवडा चालतो. गर्दीच्या शहरांचे टपाल हे टपालखात्याच्या घरातले कमावते माणूस होय. त्याची कमाई थांबली, की सगळ्या घराची ओढाताण सुरू होते.

एके काळी ही कमाई कायद्यानेच सुरक्षित होती. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. स्पर्धक नव्हता, त्यामुळे घाईही नव्हती. काम मात्र वाढतच गेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या. आज त्यांची संख्या १,६४,००० हून अधिक असून दहांपैकी सुमारे नऊ कचेऱ्या ग्रामीण भागात आहेत. जगात एवढे मोठे टपालाचे जाळे अन्यत्र नाही.

कचेऱ्या वाढल्या, तशी पत्त्यांची गुंतागुंत वाढली. पिंपरी या नावाची गावे महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आढळतात. वडगाव तर एका पुण्याच्या परिसरातच तीन सापडतील: वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ. खेडचीही तीच कथा. एक खेड पुणे जिल्ह्यात, ज्याला आता राजगुरुनगर म्हणतात. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात. त्यात पत्ते लिहिले जात निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत. वर्गवारी करणाऱ्याला हजारो गावे पाठ असावी लागत. तो रजेवर गेला, की नवख्या माणसाच्या हातून पत्रे भलतीकडे जात.

हा गुंता सोडविणारी पद्धत ज्यांनी आखली, ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्राचेच. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले वेलणकर टपालखात्यात मोठ्या अधिकारपदावर होते आणि संस्कृतचे व्यासंगी पंडितही होते. संस्कृतात त्यांनी विपुल लेखन केले. छंदशास्त्राची गोडी असणाऱ्या माणसाला अंकांची सुरेख मांडणी सुचावी, यात मला तरी काही नवल वाटत नाही. त्यांनी योजिलेला सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला.

या सहा अंकांत प्रत्येक अंक काही तरी सांगतो. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा. दुसऱ्या अंकाने उपविभाग कळतो, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा. उरलेले तीन अंक बटवडा करणारी नेमकी कचेरी सांगतात. ४११ म्हटले, की पुणे शहर व त्याच्या लगतचा भाग. ४११०१८ हा पिंपरीचा अंक, ४११०१९ चिंचवड पूर्वचा, ४११०२६ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीचा. चाकणचा अंक ४१०५०१ आहे. राजगुरुनगरचा ४१०५०५ आणि रत्नागिरी जिल्ह्यातील खेडचा ४१५७०९. दोन खेडांची भांडणे तीन अंकांतच मिटली. ज्याला गावाचे नाव वाचता येत नाही, त्यालाही पत्र योग्य पिशवीत टाकता येऊ लागले. पुढे माणसाच्या जागी यंत्र आले, तेव्हा त्यालाही हेच अंक उपयोगी पडले. पत्रांची यांत्रिक वर्गवारी मुंबईत १९९३ साली सुरू झाली. पोस्टकार्डावर छापलेले सहा चौकोन रिकामे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पिन कोड रुळत होता, त्याच काळात पिंपरी-चिंचवडचे रूप पालटत होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखान्यांची रीघ लागली. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. या कारखान्यांचे आणि टपालकचेरीचे एक गमतीचे नाते सांगण्याजोगे आहे. स्कूटर दुर्मिळ होत्या त्या काळात आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटरसाठी लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि नाव नोंदविताना अनामत रक्कम टपाल बचत खात्यात ठेवावी लागे. स्कूटरच्या वाटेवरचा पहिला मुक्काम असा टपालकचेरीत पडे! महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेले कामगार पगार झाला, की मनीऑर्डरच्या खिडकीपुढे रांग लावीत. त्या रांगेतून गावाकडची चूल पेटे.

कारखान्यांची गरज मात्र कुटुंबांच्या गरजेहून निराळी असते. मोटार जुळविणारा कारखाना सुट्या भागांचा मोठा साठा जवळ ठेवीत नाही. लहान लहान कारखान्यांतून भाग येतात आणि आल्या आल्या गाडीवर चढतात. एक भाग वेळेवर आला नाही, तर सगळी रांग थांबते. अशा ठिकाणी नमुना, नकाशा वा निविदेचे कागद ‘लवकरच’ पोहोचतील, हे उत्तर चालत नाही. कोणत्या दिवशी पोहोचतील आणि आत्ता कोठे आहेत, हे सांगावे लागते. जुन्या टपालव्यवस्थेपाशी याचे उत्तर नव्हते. खासगी कुरिअर कंपन्यांनी ते दिले. कायद्याने पत्रे नेण्यास त्यांना मनाई होती, म्हणून त्या पत्रांनाच ‘दस्तऐवज’ म्हणू लागल्या. नाव बदलले, काम तेच राहिले.

येथे दोन्ही बाजू पाहणे न्यायाचे होईल. कुरिअर कंपन्यांनी ग्राहकाच्या दारी येऊन टपाल नेले, वेळ पाळली आणि टपालखात्याला खडबडून जागे केले, हे त्यांचे श्रेय होय. परंतु त्यांना कोणते मार्ग घ्यावेत याची मोकळीक होती. मुंबई-पुणे, पुणे-चिंचवड असे भरपूर टपालाचे मार्ग त्यांनी घेतले. भोरगिरीची पायवाट घेण्याचे त्यांना काही कारण नव्हते. टपालखात्याला अशी निवड करता येत नाही. घरातले कमावते माणूस हळूहळू दुसऱ्याकडे कामाला जाऊ लागले आणि खाणारी तोंडे मात्र तेवढीच राहिली.

यावर टपालखात्याने १ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्ट सुरू केले. ठरावीक वेळेत बटवडा, हे त्याचे वचन. या सेवेचे दर वजनाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे बदलतात; सर्वत्र एकच दर आहे तो साध्या पत्राला. स्पीड पोस्टने पाठविलेल्या प्रत्येक पाकिटाला तेरा चिन्हांचा क्रमांक मिळतो. आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची खूण असलेली दोन अक्षरे. हाच क्रमांक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपाने छापलेला असतो. पाकीट ज्या ज्या केंद्रातून जाते, तेथे यंत्र त्या पट्ट्या वाचते व नोंद करते. म्हणून पाठविणाऱ्याला घरबसल्या त्याचा प्रवास पाहता येतो.

या नऊ अंकांत एक पहारेकरी दडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पहिले आठ अंक हा खरा क्रमांक. नववा अंक त्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावयाचे, बेरीज करावयाची, तिला ११ ने भागावयाचे आणि बाकी ११ मधून वजा करावयाची. २५१०४३६१ हा क्रमांक घेऊ. गुणाकार येतात १६, ३०, ४, ०, १२, १५, ५४ आणि ७, बेरीज १३८. अकराने भागता बाकी ६ उरते आणि ११ मधून ६ गेले, की ५. तेव्हा पूर्ण क्रमांक २५१०४३६१५ असा होतो. (उत्तर १० वा ११ आले, तर अनुक्रमे ० व ५ लिहितात.) आता एखाद्याने घाईत ५ आणि १ यांची अदलाबदल करून २१५०४३६१५ असे लिहिले, तर बेरीज १३० होईल आणि शेवटचा अंक २ यावयास हवा होता, हे संगणकाच्या तत्काळ ध्यानी येईल. ही रीत जगभरच्या टपालसंस्थांनी एकत्र ठरविलेली आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाचा भारत १८७६ पासून सभासद आहे, म्हणूनच चिंचवडहून निघालेले पाकीट जपानातील यंत्रालाही वाचता येते.

पाकीट कोठे आहे हे कळले, तरी ज्याला द्यावयाचे त्याचे दार सापडले पाहिजे. चाकणच्या परिसरात हे सोपे नाही. येथील कित्येक कारखान्यांचे पत्ते ‘गट क्रमांक अमुक’ असे असतात. गट क्रमांक हे मूळचे जमिनीच्या नोंदीतील, शेतांना दिलेले क्रमांक. ते रस्त्याच्या कडेने एकापुढे एक येतीलच असे नाही. शेत जाऊन कारखाना आला, एका गटात चार फाटके झाली, पत्ता मात्र शेताचाच राहिला. नवा पोस्टमन येथे पहिले काही आठवडे पानटपरीवाल्याला विचारीतच फिरतो. यावर तोड म्हणून टपालखात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ ही योजना जाहीर केली. तीत सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद असे चौकोन पाडले असून प्रत्येक चौकोनाला अंक व अक्षरे मिळून दहा चिन्हांची खूण दिली आहे. पिन कोड कचेरी दाखवितो, डिजिपिन दार दाखवितो. मात्र चाकणच्या चौकात वाहनांची कोंडी झाली, की चौकोनाचा ठिकाणा माहीत असलेला पोस्टमनही तेथेच अडकून पडतो. त्यावर टपालखात्याकडे उपाय नाही.

दरम्यान पत्रांचे युगच ओसरत चालले आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. क्षेमकुशल आता दूरध्वनीवर कळते. पोस्टकार्डाची किंमत गेली अनेक वर्षे पन्नास पैसे राहिली. त्यासाठी होणारा खर्च त्याच्या कित्येक पटींनी अधिक आहे. डेन्मार्कमध्ये पत्रांची संख्या इसवी सन २००० पासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आणि तेथील सरकारी टपालसंस्थेने १६२४ पासून चालत आलेला पत्रांचा बटवडा २०२५ च्या अखेरीस थांबविला. पत्रे आता तेथे खासगी कंपनी वाटते. पत्रे कमी होत असली, तरी पार्सले मात्र वाढत आहेत. चाकणच्या आसपासची प्रचंड कोठारे त्याचीच साक्ष देतात. लोक घरबसल्या वस्तू मागवितात आणि त्या वस्तू पोहोचविण्यासाठी आज मोठी चढाओढ चालली आहे.

कायद्यानेही हे वास्तव मान्य केले. टपालाचा नवा कायदा २०२३ मध्ये संमत होऊन १८ जून २०२४ पासून लागू झाला. पत्रे नेण्याचा सरकारचा अनन्य अधिकार त्याने काढून टाकला; अनन्य राहिला तो तिकिटे काढण्याचा. ऑगस्ट २०२५ पर्यंत सर्व टपालकचेऱ्यांत नवी संगणकप्रणाली बसविण्यात आली. ती खात्याच्याच म्हैसूर येथील केंद्राने तयार केली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी रजिस्टर टपाल ही जुनी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. न्यायालयाची नोटीस असो की नोकरीचा हुकूम, ‘रजिस्टर आले आहे’ या शब्दांनी घरात एकदम शांतता पसरत असे. ती सेवा स्वतंत्रपणे नाहीशी झाल्याची हळहळ अनेकांना वाटली. तथापि एकाच तऱ्हेच्या कामासाठी दोन यंत्रणा चालविणे परवडण्याजोगे नव्हते, हेही खरे.

आता भोरगिरीसारख्या गावांकडे वळू. चिंचवडला पार्सले वाटून मिळालेल्या पैशावरच तेथील बटवडा चालवावयाचा, तर तेथील फेरीलाही अधिक काम दिले पाहिजे, हे खात्याने ओळखले. २०१७ मध्ये ‘दर्पण’ योजनेखाली ग्रामीण शाखा-टपालकचेऱ्यांना हातात मावणारी यंत्रे देण्याचे काम हाती घेतले गेले. १ सप्टेंबर २०१८ रोजी टपालखात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली. त्यामुळे पूर्वी जो ग्रामीण डाकसेवक केवळ पत्रे घेऊन येई, तोच आता खिशात छोटी बँक घेऊन येतो. चाकणच्या कारखान्यात काम करणारा मुलगा आईच्या खात्यात पैसे भरतो. तिला तालुक्याच्या गावी जावे लागत नाही. डाकसेवक अंगणात बसून यंत्रावर तिच्या अंगठ्याची खूण घेतो, खात्याशी ताडून पाहतो आणि पैसे मोजून हातावर ठेवतो. वृद्धांचे निवृत्तिवेतनही असेच घरी मिळू शकते.

मनीऑर्डरच्या रांगेतील तेच पैसे अशा रीतीने नव्या वाटेने गावी जातात. पिशवीत त्या दिवशी एखादे पार्सल असते, एखादे पत्र असते. कधी काहीच नसते, तरी फेरी चुकत नाही. डोंगरात यंत्राला संदेशलहरी मिळाल्या नाहीत, तर डाकसेवक म्हातारीला सोबत घेऊन जवळच्या टेकाडावर चढतो आणि व्यवहार तेथे पुरा करतो.